सरकत्या दाराची फट: १९७२ च्या एका कॅम्पर व्हॅनच्या घरगुती जीर्णोद्धाराचे प्रकरण

ज्या गाडीचे हे प्रकरण आहे ती फोक्सवॅगनच्या टाइप २ मालिकेतील १९७२ च्या मॉडेलची कॅम्पर व्हॅन. इंग्लंडच्या मिडलँड्स भागातील आमच्या घराशेजारच्या शेडमध्ये ती २०१९ च्या हिवाळ्याच्या तोंडावर आली आणि २०२३ च्या उन्हाळ्यात स्वतःच्या चाकांवर बाहेर पडली. या काळातले जवळजवळ एक वर्ष आम्ही स्वतःच केलेले काम उकलण्यात गेले. ते का गेले हे नीट मांडून ठेवावे असे मला वाटले, कारण जुन्या व्हॅनच्या जीर्णोद्धाराविषयी जे लिहिले जाते त्यात रंग, गाद्या आणि पडदे यांची वर्णने भरपूर असतात, पण कोणते काम कोणत्या कामाच्या आधी करायचे याचा विचार त्या मानाने फार थोडा असतो. आमचे वेल्डिंग वाईट नव्हते, पत्राही चांगल्या प्रतीचा होता. चुकला तो क्रम.

आधी गाडीची ओळख. टाइप २ ची दुसरी पिढी ऑगस्ट १९६७ मध्ये बाजारात आली आणि तिच्या सलग, फुगीर पुढच्या काचेमुळे इंग्लंडमध्ये तिला ‘बे विंडो’ म्हणू लागले. १९७२ च्या मॉडेलला इथले जाणकार ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात, कारण पुढचे इंडिकेटर जुन्या गाड्यांप्रमाणे खाली, बंपरच्या जवळ असतात आणि मागचे दिवे मात्र नंतरच्या गाड्यांप्रमाणे उंच असतात. यामुळे सुटा भाग मागवताना केवळ ‘जुनी बे’ किंवा ‘नवी बे’ एवढे सांगून भागत नाही. गाडीचा चासी क्रमांक दहा आकडी असतो. त्यातले पहिले दोन आकडे गाडीचा प्रकार सांगतात आणि तिसरा आकडा मॉडेलच्या वर्षाचा शेवटचा अंक असतो. आमच्या गाडीचा क्रमांक २३२ ने सुरू होतो, म्हणजे ती १९७२ ची कोम्बी, बाजूंना खिडक्या असलेली व्हॅन. पुढच्या आसनामागे बसवलेल्या लहानशा पत्र्याच्या पट्टीवरही कारखान्याने रंग, इंजिन, गिअरबॉक्स आणि गाडी कुठे पाठवायची याचे संकेतांक ठोकलेले असतात. ही पट्टी आम्ही पहिल्याच दिवशी शोधली, तिचे छायाचित्र काढले आणि तिच्यावरून गाडीचा मूळ रंग निळा, नायगारा ब्लू, होता हे कळले. मधल्या कोणा मालकाने ती पांढरी आणि नारिंगी केली होती. छत फोकस्टोनच्या डॉर्मोबिल कंपनीचे, एका बाजूने बिजागरीवर उचलले जाणारे आणि पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे आहे. इंजिन १५८४ सीसीचे, हवेने थंड होणारे.

विकत घेताना गाडी चमकत होती. लोहचुंबकाला पातळ कापड गुंडाळून आम्ही तो चाकांच्या कमानींवर आणि दारांखालून फिरवला, तेव्हा चार ठिकाणी तो चिकटेना. तिथे पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती. हे कळूनही आम्ही ती खाली वाकून टोच्याने तपासली नाही, आणि पहिली चूक तीच होती. दुसरी चूक अशी की थंडीचे दिवस होते, शेडची जमीन ओली असे, म्हणून आम्ही आतल्या लाकडी कामापासून सुरुवात केली. माझ्या पतींना सुतारकामाची आवड आहे. जुन्या कपाटांची मापे घेऊन त्यांनी बर्च प्लायची नवी कपाटे केली, मी गाद्यांना कापड चढवले, पाण्याची टाकी बसली, तळावर लिनोलियम चिकटवले गेले. सहा महिन्यांत गाडीचा आतला भाग राहण्याजोगा झाला होता. या कामात आनंद होता आणि तो खोटा नव्हता, पण ज्या तळावर हे सगळे उभे होते तो तळ आम्ही अजून पाहिलेला नव्हता.

तो पाहायची वेळ टायर बदलताना आली. डाव्या बाजूच्या ठरलेल्या जागी जॅक लावून दांडा फिरवला. जॅक वर चढला, गाडी मात्र तिथेच राहिली. जॅक ज्या चौकोनी नळीत बसतो ती नळी आतल्या आधारासकट चुरडून वर गेली होती.

या गाडीची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचे समजणार नाही. डच आयातदार बेन पॉन यांनी एप्रिल १९४७ मध्ये वहीत एका डबा-गाडीचे रेखाटन केले, त्यातून टाइप २ जन्मली. पहिला नमुना बीटल मोटारीच्या तळावर बांधला गेला, पण तो तळ डब्याचे ओझे पेलण्याइतका ताठ नव्हता आणि चाचणीत तो टिकला नाही. म्हणून अभियंत्यांनी स्वतंत्र चासीवर डबा ठेवण्याऐवजी दोन लांब पन्हाळी तुळ्या, त्यांच्या आडव्या पट्ट्या आणि बाहेरची सगळी कवची एकत्र झाळून एकच अंग तयार केले. मार्च १९५० मध्ये वोल्फ्सबर्गमध्ये उत्पादन सुरू झाले आणि १९५६ पासून ते हॅनोव्हरला गेले. दुसऱ्या पिढीतही हेच तत्त्व कायम राहिले. मधल्या तुळ्यांपासून दोन्ही बाजूंना आधाराचे हात निघतात, त्यांना इथे आउटरिगर म्हणतात, आणि त्यांच्या टोकांवर दारांखालचे सिल बसतात. सिल म्हणजे गाडीचा उंबरठाच. तो बाहेरचा, मधला आणि आतला अशा तीन पत्र्यांचा असून तिन्ही मिळून एक पोकळ पेटी होते. सरकत्या दाराच्या बाजूला खांबाखेरीज भिंत नसते, म्हणून त्या बाजूचा ताठपणा फार मोठ्या प्रमाणात या पेटीवर अवलंबून असतो.

आणि नेमकी हीच पेटी कुजते. इंग्लंडमध्ये बर्फ पडायच्या आधी रस्त्यांवर खडेमीठ पसरतात. चाकांनी उडवलेले खारट पाणी आउटरिगरच्या टोकांवर आणि सिलच्या सांध्यांत जाऊन बसते. सिलच्या तळाशी निचऱ्याची भोके असतात, पण ती मातीने आणि नंतरच्या लोकांनी फासलेल्या डांबरी लेपाने बुजतात. वरून सरकत्या दाराच्या रुळातून आणि काचांच्या वाळलेल्या रबरातून पावसाचे पाणी येते ते वेगळेच. कोकणात खाऱ्या हवेने पत्रा बाहेरून खपल्या धरतो आणि मालकाला तो दिसतो. इथे तो आतून जातो आणि बाहेरचा रंग शेवटच्या दिवसापर्यंत शाबूत राहतो. आमच्या गाडीत बाहेरचा सिल कोणीतरी जुन्याच्या वरून दुसरा पत्रा झाळून झाकला होता. तो कापल्यावर मधल्या पत्र्याच्या जागी तांबूस भुकटी आणि आतल्या पत्र्याच्या जागी जाळी सापडली.

आता मुख्य चुकीकडे येते. आम्ही गाडीचा पुढचा भाग पुढच्या धुरेच्या बीमखाली आणि मागचा भाग गिअरबॉक्सजवळ टेकू देऊन उचलला, कारण मधल्या भागात काम करायला जागा हवी होती. मग डाव्या बाजूचा सिल पुढच्या दारापासून मागच्या चाकाच्या कमानीपर्यंत सलग कापून काढला. त्या बाजूचे सरकते दार जड आणि अडचणीचे म्हणून ते आधीच उतरवून भिंतीशी ठेवले होते. कपाटे, टाकी आणि गाद्या आतच होत्या. दोन्ही टोकांना टेकू, मध्ये ओझे आणि खालचा ताण घेणारी पेटी कापलेली, अशा स्थितीत कोणतीही तुळई जे करील तेच गाडीने केले. ती मध्यभागी किंचित खचली. डोळ्यांना काहीच दिसले नाही. आम्ही तीन आठवडे खपून नवा सिल झाळला, सांधे घासले, झिंक प्रायमर लावला आणि समाधानाने माझ्या वडिलांना व्हिडिओवर दाखवला.

वडिलांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षे गाड्यांच्या पत्र्याचे काम केले. त्यांनी वेल्डिंगकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाले, “अगं, दार कुठं हाय? दार बसवून बघितलंस का?” मी म्हटले, शेवटी बसवणार आहे. त्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “शेवटी नाही बसवायचं बाळा. दार लावूनच कापायचं असतंय. फट सांगती तुला, गाडी सरळ हाय का नाही.”

दुसऱ्या दिवशी दार बसवले. ते मागच्या खांबाशी वर घासत होते आणि खाली बोट जाईल इतके उघडे राहत होते. कुलपाचा खटका बसेना. मापे घेतली तेव्हा वरच्या कोपऱ्यात फट २ मिलिमीटर आणि खालच्या कोपऱ्यात ९ मिलिमीटर भरली. दार रुळावर पुढेमागे आणि वरखाली सरकवण्याची सोय असते, तिने आम्ही दोन दिवस झुंजलो, पण चौकटच चौकोनी राहिली नव्हती तिथे दाराची जागा बदलून काय साधणार? एका जाणत्या माणसाने दाराची कड कापून बसवून घ्यायचा सल्लाही दिला. तसे केले असते तर दार लागले असते आणि गाडी आयुष्यभर वाकडी राहिली असती. खचलेल्या चौकटीचा ताण पुढे काचेवर आणि छताच्या कापलेल्या चौकटीवर येत राहिला असता. डॉर्मोबिल छतासाठी गाडीचे मूळ छत मोठ्या भागात कापलेले असते, त्यामुळे या प्रकारच्या कॅम्परमध्ये खालच्या पेटीचे महत्त्व साध्या व्हॅनपेक्षा अधिकच आहे.

दुरुस्तीचा क्रम वडिलांनी फोनवर सांगितला आणि शेजारच्या घरातील एका निवृत्त वेल्डरने प्रत्यक्ष उभे राहून करवून घेतला. पहिल्यांदा आतले सगळे काढावे लागले. सहा महिन्यांची कपाटे एका शनिवारी बाहेर आली. लिनोलियम खरवडून काढताना माझ्या पतींनी एक शब्दही उच्चारला नाही, आणि त्या दिवसाची मला अजून रुखरुख आहे. त्यानंतर शेडच्या फरशीचा उतार मोजला. पाणी निघून जावे म्हणून ती फरशी एका बाजूला झुकती केलेली होती, हेही आम्ही पूर्वी लक्षात घेतले नव्हते. पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीच्या पाणसळीने एक समान पातळी ठरवून भिंतीवर आणि खांबांवर खुणा केल्या. तुळ्यांवरच्या आठ जागांवरून ओळंबा सोडून फरशीवर बिंदू उतरवले, कर्ण मोजले, आणि डाव्या-उजव्या मापांतला फरक मिलिमीटरमध्ये लिहून ठेवला. टेकू आता टोकांना न देता मुख्य तुळ्यांखाली सहा ठिकाणी दिले. मग मधल्या भागाखाली जाड लाकडी फळी घालून हायड्रॉलिक जॅकने गाडी दिवसाला दोन-तीन मिलिमीटर या गतीने वर घेतली, पण त्याआधी नवा सिल तीन जागी उभा चिरला, नाहीतर चुकीच्या मापात झाळलेली पेटी चौकटीला परत येऊ देणार नव्हती. स्वतःच्या हातांनी झाळलेला, एकही भोक नसलेला सांधा ग्राइंडरने कापणे फार कठीण जाते.

दार रुळावर चढवलेलेच होते. त्याच्या कडेने सहा ठिकाणी ५ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या अडकवून पाहत राहिलो, आणि सहावी पट्टी सहज सरकली तेव्हा चौकटीत आतून २५ मिलिमीटरच्या चौकोनी नळ्यांचे दोन आडवे आणि एक तिरका असे टेकू झाळून ती स्थिती पक्की केली. यानंतरच पुन्हा कापायला घेतले, तेही सलग न कापता एकेक हात लांबीचा तुकडा. आधी आउटरिगर आणि जॅकची जागा, मग आतला सिल, मग मधला आणि शेवटी बाहेरचा. प्रत्येक तुकड्यानंतर दार लावून पाहायचे, असा नियम शेजाऱ्यांनी घातला आणि तो त्यांनी एकदाही मोडू दिला नाही.

वेल्डिंगविषयी थोडेच सांगते, कारण ते हाताने शिकायचे काम आहे. पत्रा साधारण मिलिमीटरभर जाडीचा असल्याने ०.६ मिलिमीटरची तार वापरून सलग रेघ न ओढता एका टोकाला बोटभर, मग दुसऱ्या टोकाला बोटभर असे टाके घालावे लागतात, म्हणजे उष्णता एका जागी साठून पत्रा लाटांसारखा होत नाही. कारखान्यात जिथे ठिपक्यांचे सांधे होते तिथे वरच्या पत्र्याला भोके पाडून ती झाळून भरली. सांध्याच्या दोन्ही आतल्या पृष्ठभागांना वेल्डिंग सोसणारा झिंक प्रायमर आधीच लावावा लागतो, कारण नंतर तिथे ब्रश पोहोचत नाही. बाहेरून सीलर, आणि शेवटी निचऱ्याची भोके मोकळी ठेवून पेटीच्या आत लांब नळीने मेणाचा फवारा. या पूर्ण काळात बॅटरी काढलेली, पेट्रोलची टाकी बाहेर ठेवलेली आणि अग्निशामक हाताशी असा दंडक होता. जुन्या ब्रेक अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ती धूळ न उडवता ओली करून काढली.

पेट्रोलच्या टाकीमुळे क्रमाचा आणखी एक धडा मिळाला. या गाडीत टाकी इंजिनच्या पुढे, गिअरबॉक्सच्या वर बसते आणि इंजिन उतरवल्याशिवाय ती निघत नाही. म्हणून इंजिन खाली असतानाच टाकीच्या सगळ्या नळ्या बदलायच्या, हे या वेळी आम्ही आधी ठरवले. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुने रबर ते सोसत नाही. रबर भेगाळते, थेंब गरम इंजिनवर पडतो, आणि अशा गाड्या जळण्याचे हे नेहमीचे कारण आहे. आम्ही इथेनॉल सोसणाऱ्या आर-९ प्रतीच्या नळ्या घातल्या, प्रत्येक टोकाला पट्टा आवळला आणि मधल्या मालकाने इंजिनच्या वर लटकवलेली गाळणी काढून इंजिनच्या खोलीबाहेर नेली.

इंजिन मात्र अपेक्षेपेक्षा चांगले निघाले. डायल गेज लावून पुली मागेपुढे ढकलून क्रँकशाफ्टची ढील मोजली, ती ०.११ मिलिमीटर आली. ०.१५ च्या पुढे गेली असती तर इंजिन पूर्ण उघडावे लागले असते. झडपांची फट थंड इंजिनवर ०.१५ ला लावली, अडीच लिटर तेल भरले आणि चालू केले. पहिल्याच फेरीत ते तापले. कारण शोधताना इंजिनभोवतीची रबराची झालर गायब असल्याचे दिसले. हे इंजिन हवेने थंड होते, आणि ती हवा गाडीच्या बाजूंच्या झरोक्यांतून, वरून येते. इंजिनचे पत्रे आणि गाडीचे अंग यांच्यातील फट ही झालर बंद करते. ती नसेल तर सिलिंडरांवरून तापून खाली गेलेली हवा पुन्हा वर येऊन पंख्यात शिरते. काही पौंडांची ती झालर बसवल्यावर तापमान उतरले.

आतली कपाटे परत बसवायला फार वेळ लागला नाही, फक्त सरळ झालेल्या गाडीत ती आता डाव्या बाजूला बसेनात आणि दोन फळ्या नव्याने कापाव्या लागल्या. ती मापे आमच्या कापण्याने वाकडे झालेल्या अंगावर घेतलेली नव्हती, तरीही बसली नाहीत. म्हणजे गाडी आमच्याकडे आली तेव्हाच थोडी खचलेली होती, असे मी मानते. जुनी शेगडी दिसायला सुंदर होती, पण ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद होण्याची सोय तिच्यात नव्हती, म्हणून ती काढून नवी बसवली. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तळाशी निचऱ्याचे भोक ठेवले आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र लावले. छताचे कापड शक्य तितके मूळचेच राखले, फक्त घडीवर चिरलेल्या दोन पट्ट्या बदलल्या. रंग नायगारा ब्लू.

चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूळ रचनेत मोठा बदल न केलेल्या गाडीला ब्रिटनमध्ये वार्षिक एमओटी तपासणीची सक्ती नाही आणि रस्त्याचा करही लागत नाही. आम्ही तरीही तपासणी करून घेतली. ज्या माणसाने स्वतः सिल झाळला आहे त्याने तो स्वतःच तपासून पुरेसा मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तपासनिसाने हातोडीने ठोकून दोन्ही बाजू पाहिल्या आणि उजव्या मागच्या ब्रेकचा जोर कमी असल्याचे दाखवून दिले. तो दोष आमच्या लक्षात आलेला नव्हता. चाकातला सिलिंडर बदलून दुसऱ्या खेपेला गाडी पास झाली.

उजवीकडचा सिल अजून जुनाच आहे. टोच्याने तो तूर्त घट्ट लागतो, पण पुढच्या आउटरिगरच्या टोकाशी खपली धरू लागली आहे, म्हणून येत्या वसंतात तो घ्यायचा ठरले आहे आणि त्या बाजूची आठ मापे आताच लिहून ठेवली आहेत. डाव्या दाराची फट मी हिवाळ्यापूर्वी आणि हिवाळ्यानंतर अशी वर्षातून दोनदा त्याच सहा जागी मोजते. या मार्चमध्ये ती पाच जागी ५ मिलिमीटर आणि मागच्या खालच्या कोपऱ्यात साडेपाच भरली. वडिलांना तो आकडा कळवला तेव्हा त्यांनी त्या कोपऱ्याचा उजेडात काढलेला फोटो मागवून घेतला.